सगळ्यांना माहीत, पण कोणी सांगेना

नमस्कार मंडळी. लिलिपुट म्हटलं की आपल्याला आठवतात ती बोटभर माणसं, दोऱ्यांनी जमिनीला जखडलेला गलिव्हर, आणि लहानपणीचं चित्रांचं पुस्तक. पण ते लिहिणारा जोनाथन स्विफ्ट काही मुलांसाठी लिहिणारा नव्हता हो, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, आणि लेखणी इतकी तिखट की स्वतःच्या नावावर छापायची सोयच नाही.

मग काय, गडी सोंगं घ्यायचा. १७०८ ला ज्योतिषी बनला आणि लंडनच्या पार्ट्रिज नावाच्या खऱ्याखुऱ्या पंचांगवाल्याच्या मरणाची तारीखच छापली, २९ मार्च, रात्री अकराच्या सुमारास, आणि ती उलटल्यावर 'गेले बिचारे' असंही छापून टाकलं. पार्ट्रिज जिवंत, आणि आपण जिवंत आहोत हे लोकांना पटवतोय!

पण खरी गंमत १७२४ ची. विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळालेला, तोही राजाच्या मैत्रिणीचे हात ओले करून, आयरिश पार्लमेंटला कोणी विचारलंच नाही. स्विफ्ट झाला साधा कापड दुकानदार आणि पत्रांवर पत्रं लिहिली, की बाबांनो सोन्याचांदीचं नाणं नाकारता येत नाही पण हे तांबं घ्यायची तुमच्यावर सक्ती नाही, घेऊच नका. आणि लोकांनी खरंच नाही घेतली. सरकारने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंड लावले. अख्ख्या डब्लिनला नाव माहीत, पण एकही पुढे आला नाही! छापखानेवाल्याला मात्र अटक झाली, त्याचं वाईट वाटतं. १७२५ ला परवाना रद्द.

पुढच्या वर्षी गलिव्हर आला, तोही जहाजावरच्या डॉक्टरच्या नावाने. त्यात राणीच्या महालाला आग लागते आणि गलिव्हर ती कशी विझवतो ते मुलांच्या पुस्तकात बहुतेक गाळतात, मोठ्यांनी शोधून वाचावं.

१७२९ चं मात्र हसू येत नाही. गरिबांची वर्षाची पोरं श्रीमंतांना खायला विका, असा हिशोबासकट थंड सुरातला प्रस्ताव, अर्थात उपरोधाने लिहिलेला. म्हणे जमीनदारांचा हक्क पहिला, आईबापांना तर त्यांनी आधीच खाल्लंय.

१७४५ ला स्विफ्ट गेला. मृत्युपत्राने पैसा दिला वेड्यांच्या हॉस्पिटलला, ते डब्लिनमध्ये आजही चालू आहे. त्यावरही त्याने आधीच कविता करून ठेवलेली, की याची इतकी गरज दुसऱ्या कुठल्याच देशाला नव्हती.