हॅनोव्हरचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार. आज गोष्ट जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातल्या एका रॉक बँडची. नाव स्कॉर्पियन्स. रुडॉल्फ शेंकर नावाच्या गिटार वाजवणाऱ्या मुलानं १९६५ साली हा बँड काढला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. आपल्याकडे साठी झाली की शांत करतात. या बँडची साठी ५ जुलै २०२५ ला हॅनोव्हरच्याच स्टेडियममध्ये साजरी झाली, आणि रुडॉल्फ तेव्हाही गिटार घेऊन उभा होता. साठ वर्षं, श्रोतेहो. साठ!

या साठ वर्षांतलं मला सर्वांत जवळचं वर्ष १९८१. गायक क्लाउस माइने, वय तेहतीस. दौऱ्यामागून दौरे झालेले, नवी ध्वनिमुद्रिका करायला घेतलेली, आणि त्याचा आवाज गेला. बसला नाही, गेला. आवाज बसला तर काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, की चार दिवसांत माणूस बोलता होतो. हे तसलं दुखणं नव्हतं. स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. एक नाही, दोन.

माझाही आवाज एकदा आठ दिवस बसला होता. घरात पाणी मागायचं तरी पाटीवर लिहून. आठच दिवस, पण रात्री झोप लागत नसे, कारण आवाजावर ज्याचं पोट, त्याला दुसरं काय येतं? मग क्लाउसचं काय झालं असेल!

त्यानं सोबत्यांना सांगितलं, माझ्यासाठी अडून राहू नका, दुसरा गायक शोधा. बँड तेव्हा कुठे अमेरिकेत नाव कमावू लागला होता. थांबणं महागात पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण रुडॉल्फ म्हणाला, थांबू. तू बरा हो, आम्ही थांबतो. काम अगदीच अडू नये म्हणून डॉन डॉकन नावाच्या अमेरिकन गायकाला बोलावलं. त्यानं चाली गाऊन ठेवल्या, पण जागा क्लाउसचीच राहिली. पुन्हा सांगतो, जागा क्लाउसचीच राहिली.

क्लाउसनं गळा पुन्हा घडवला, लहान मूल बोलायला शिकतं तसा, स्वरास्वरानं. आणि १९८२ साली ‘ब्लॅकआउट’ बाहेर आली. ऐकताना चकित व्हायला होतं, कारण वरच्या पट्टीत आवाज पूर्वीपेक्षा धारदार लागलाय. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या दहांत गेली.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९८८ मध्ये लेनिनग्राडला दहा कार्यक्रम, १९८९ च्या ऑगस्टमध्ये मॉस्को, आणि तिथून सुचलेलं ‘विंड ऑफ चेंज’, ते शीळ घातलेलं गाणं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा क्लाउसनं त्यातले मॉस्कोचे शब्द बदलून युक्रेनचं नाव घातलं. स्वतःचं सर्वांत गाजलेलं गाणं वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी बदलायचं, याला मन मोठं लागतं. २०१० मध्ये त्यांनी निरोपाची घोषणाही केली होती. निरोपाचा दौरा संपला, पण गाणं काही सुटलं नाही.

त्या शीळेवरून आठवलं. हल्ली काही निवेदक गाणं सुरू होताहोताच त्यावर बोलतात, संपतानाही बोलतात. मला हे मुळीच पटत नाही. सुरुवातीचे ते दहा सेकंद वादकानं रात्र रात्र जागून बसवलेले असतात. त्यावर आपण हवामान कसलं सांगतो? गाण्याला त्याची जागा द्यावी.

तर आता ऐकूया ‘ब्लॅकआउट’मधलं ‘नो वन लाइक यू’. आधी गिटार येईल, मग तो आवाज. दोन शस्त्रक्रियांनंतरचा आवाज, श्रोतेहो. गाणं पूर्ण संपेपर्यंत मी बोलणार नाही.