तेलावर तरंगणारा शाफ्ट

हा शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, बघा. आरशासारखा चकचकतोय, बोट फिरवलं तर कुठे खरखर लागणार नाही. आता हाच मायक्रोस्कोपखाली घेऊ... झालं, नुसत्या डोंगरदऱ्या! कितीही पॉलिश करा, धातू जवळून असाच दिसतो, आणि असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की टेकतात फक्त शेंडे, बाकी मधे पोकळीच. म्हणजे सगळा लोड त्या थोड्याशा शेंड्यांवर, मग ते चेपतात, काही जागी तर धातूला धातू चक्क चिकटतो, वेल्डिंग केल्यासारखा. शाफ्ट फिरला की हे जोड तुटतात, तुटताना समोरच्याचा कण उपटून आणतात, आणि तो कण मधेच राहून दोघांनाही ओरबाडत बसतो. झीज म्हणतात ती ही.

१६९९ मध्ये फ्रान्समध्ये गियोम आमोंतों यांनी मांडलं होतं की घर्षण वजनाप्रमाणे वाढतं, पण टेकलेला भाग मोठा की लहान याने फरक पडत नाही. ऐकायला उलटंच वाटतं ना? पण शेंडे आठवा. वजन वाढलं की ते जास्त चेपतात, खरा स्पर्श तेवढा वाढतो, वरून दिसणारं क्षेत्रफळ कितीही असू दे.

मग तेल. तेल घातलं की गुळगुळीत होतं असं आपण म्हणून टाकतो, पण खरी गंमत कळायला १८८३ साल उजाडावं लागलं.

इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाला असतं तशा बेअरिंगवर, म्हणजे शाफ्ट ज्याला टेकून फिरतो त्या भागावर, प्रयोग करत होते. बेअरिंग वरून बसवलेलं, शाफ्टची खालची बाजू तेलात बुडलेली. तेल सोडायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. मशीन चालू केलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं! सांडायला नको म्हणून बूच लावलं, ते हळूहळू बाहेर ढकललं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. दुसरा कोणी असता तर वैतागून अजून मोठी खुंटी ठोकली असती, यांनी तिथे प्रेशर गेज लावला. लोडच्या हिशोबाने सरासरी दाब होता चौरस इंचाला १०० पौंड, आणि काटा गेला २०० च्याही पुढे.

हा दाब आला कुठून? पंप तर नव्हताच. शाफ्ट बेअरिंगमध्ये बरोबर मधोमध नसतो, थोडा एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. फिरणारा शाफ्ट अंगाला चिकटलेलं तेल ओढत त्या निमुळत्या जागेत नेतो, तेल तिथे कोंडतं, दाब चढतो आणि शाफ्ट उचलला जातो. पंप म्हणजे शाफ्ट स्वतःच! १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं, बेअरिंगचं डिझाइन आजही त्याच समीकरणावर चालतं. तेलाचा थर असतो काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ, पण तेवढ्यात धातूला धातू लागत नाही.

मग जाडच तेल घालू की! नाही, फार जाड तेल फिरवण्यातच ताकद जाते आणि बेअरिंग तापतं.

खरी अडचण स्टार्टिंगला. शाफ्ट थांबला की दाब गेला, तेल बाजूला सरकलं आणि शेंडे परत शेंड्यांवर. पुन्हा सुरू करताना पहिल्या काही फेऱ्या धातू धातूवरच घासतो. इंजिन ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसची रसायनं घालतात ती अशाच वेळेसाठी, ती धातूवर पातळ साय धरतात, मग घासली जाते ती साय.

वीजकेंद्रातल्या मोठ्या टर्बाइनचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, मात्र इतका जड असतो की तिथे अशी रिस्क घेतच नाहीत. फिरवायच्या आधी वेगळा पंप खालून जोरात तेल सोडतो, कित्येक टनांचा तो रोटर केसभर वर उचलला जातो, आणि मग कुठे त्याला पहिला वेढा देतात, अगदी सावकाश.