नाव कोणाच्या वहीत?

ऑक्टोबर महिना. दिंडोरी, निफाड, चांदवडच्या द्राक्षबागांत फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी उरकली आहे. फुटवे कोवळे आहेत आणि आभाळ भरून आलंय. पानावर तेलकट डाग दिसला की बागायतदार पहिल्यांदा मोबाइल काढतो. फोटो बागायतदारांच्या गटावर जातो. कोणी लिहितं, डाऊनी, म्हणजे केवडा रोग आहे, उघडीप मिळताच फवारणी घ्या. दुसरा म्हणतो, थांबा, पानाची मागची बाजू दाखवा.

अशा प्रश्नोत्तरांतून कित्येक हंगामांचं शहाणपण साठत गेलंय. मराठीत, आपल्या मातीचं, आपल्या हवेचं. पण ते साठलंय कुठं? कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. कंपनीनं दार लावलं की सगळं आतच राहतं. ऑर्कुट हे सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. मराठीतही लिहू देणारं ‘कू’ हे ॲप जुलै २०२४ मध्ये थांबलं. माणसं दुसरीकडे गेली, पण तिथली ओळख आणि जमवलेली माणसं त्यांच्यासोबत जाऊ शकली नाहीत.

यावर उपाय शोधणारे लोक जगभर आहेत. त्यांचं म्हणणं असं, की सोशल नेटवर्क एका कंपनीच्या मालकीचं नसावं. नियम खुले असावेत आणि ते पाळणाऱ्या कोणालाही आपला सर्व्हर चालवता यावा. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. अडचण अशी, की असे प्रोटोकॉल एकापेक्षा जास्त आहेत आणि ते आपसात थेट बोलत नाहीत.

पहिला ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. जर्मनीच्या ऑयगेन रोचको यांनी २०१६ साली सुरू केलेलं मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क याच नियमांवर चालतं. फोटोंसाठी पिक्सेलफेड आणि व्हिडिओंसाठी पीअरट्यूब आहे, त्यांचीही भाषा हीच. तुमचा पत्ता ईमेलसारखा असतो, आधी नाव, मग सर्व्हर. तुम्ही काही लिहिलंत की तुमचा सर्व्हर ते तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवतो.

आता नाशिकच्या रामकुंडावर या. इथल्या तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात, पणजोबांच्या भेटीची नोंद वाचून दाखवतात. ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, कारण जपणारं घर टिकलं. वही मात्र गुरुजींच्या घरातच राहते. मॅस्टोडॉनवर तुमचं नाव असंच तुमच्या सर्व्हरच्या वहीत असतं. सर्व्हर बदलता येतो, फॉलोअर नव्या पत्त्यावर वळवता येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. आणि जुना सर्व्हर अचानक बंद पडला, तर फॉलोअर वळवायलाही कोणी उरत नाही.

नेमकी हीच गाठ दुसऱ्या, म्हणजे ब्लूस्काय ज्यावर चालतं त्या एटी प्रोटोकॉलनं सोडवायला घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ट्विटरच्या पैशावर ब्लूस्काय हा प्रकल्प जाहीर केला. पुढे त्याची स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुला झाला. इथं प्रत्येक खात्याला एक कायमची ओळख मिळते. पोस्ट एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर नेल्या, तरी फॉलोअर तुटत नाहीत. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं असेल, तर तेच तुमचं नाव होतं. ही रचना मला मनापासून आवडते.

पण सगळ्यांच्या पोस्ट गोळा करणारा रिले आणि त्यातून माणसाला वाचता येईल असं पान मांडणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर चालवणं खर्चिक आहे. त्यातलं बहुतेक काम आजवर ब्लूस्काय कंपनीच करत आली आहे. कागदावर दार उघडं आहे, पण त्यातून बाहेर पडून संसार थाटणारे थोडेच.

तिसरा नॉस्टर, २०२० चा. तिथं खातं देणारं कोणीच नाही. तुमच्याकडे एक गुप्त किल्ली, तीच तुमची ओळख. किल्ली हरवली तर पासवर्ड बदलून देणारं कोणी नाही, चोरीला गेली तर तक्रार घ्यायलाही कोणी नाही. ज्या गटात वडील आणि मुलगा एकच फोन वापरतात, तिथं मी हा मार्ग सुचवणार नाही.

द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी माझा कौल ॲक्टिव्हिटीपबला आहे. छोटा सर्व्हर भाड्यानं घेता येतो, त्याला गटाचं स्वतःचं डोमेन देता येतं आणि मुख्य म्हणजे देखरेख आपल्या माणसाच्या हातात राहते. बनावट औषधाची जाहिरात कोणती आणि खरा सल्ला कोणता, हे खरड छाटणी आणि गोडी छाटणीतला फरक जाणणाऱ्यालाच कळतं. बॅकअप घेणं आणि डोमेनचं नूतनीकरण करणं ही कामं मात्र नावानिशी दोघांवर सोपवावीत. एक बागेत अडकला तर दुसरा हवा.

ब्लूस्कायवरच्या एखाद्या अभ्यासकाशी जोडून राहायचं असेल, तर ब्रिजी फेड नावाचा पूल आहे. तो या दोन जगांतल्या पोस्ट आणि उत्तरं इकडून तिकडे पोहोचवतो. त्यासाठी आधी त्या अभ्यासकानं आपलं खातं पुलाला जोडायला हवं. कोणाचंही लिखाण त्याच्या होकाराशिवाय पलीकडे जाऊ नये, म्हणून ती अट आहे.