सात अक्षरांचा कुत्रा

पडद्यावरचा हा मातीचा कुत्रा बघा. गुटगुटीत पोट, आखूड पाय, कान टवकारलेले. पश्चिम मेक्सिकोत, कोलिमा भागातल्या विहिरीसारख्या खोल कबरींत असे पुष्कळ निघाले, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. हा शोलोइट्सक्विंत्ली, मेक्सिकोचा बिनकेसांचा कुत्रा, असं सर्रास सांगितलं जातं. जीभ वळत नाही, म्हणून आपण नुसतं शोलो म्हणू. पण भाजलेली माती गुळगुळीतच असते. मूळ कुत्र्याला केस होते की नव्हते, हे तिच्यावरून कसं ठरवणार?

ठरवायला दात कामी येतात. शोलोला केस नसतात तशा पुढच्या दाढाही बऱ्याचदा नसतात, कारण केस आणि दात गर्भात एकाच थरातून घडतात. केस कुजून जातात, जबडा उरतो. उत्खननात दाढांच्या खाचाच नसलेला जबडा मिळाला, की अभ्यासकांचे कान उभे राहतात.

यामागचं कारण २००८ साली कळलं. फॉक्सआय-३ नावाच्या जनुकात डीएनएची सात अक्षरं चुकून दोनदा लिहिली गेली आहेत. गंमत म्हणजे पेरूच्या बिनकेसांच्या कुत्र्यात आणि चायनीज क्रेस्टेड या आणखी एका बिनकेसांच्या जातीतही नेमकी हीच चूक आहे. म्हणजे ती एकदाच कुठेतरी घडली आणि तिथून पसरली. आईबाप दोघांकडून ती आली तर पिल्लू गर्भातच मरतं. त्यामुळे जिवंत असलेल्या प्रत्येक बिनकेसांच्या शोलोत एक प्रत चुकीची आणि एक धड असते. दोन बिनकेसांचे शोलो एकत्र आणले, तरी जन्मलेल्या तीन पिल्लांत सरासरी एक केसाळ निघतं. निव्वळ बिनकेसांची पैदास होतच नाही. दर पिढीला माणसानं निवड करायची, तेव्हा ही जात टिकते.

माणसानं ही निवड का केली असेल? नाव मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतलं आहे: शोलोत्ल हा देव आणि इट्सक्विंत्ली म्हणजे कुत्रा. शोलो मृतांना मिक्त्लानला, म्हणजे पाताळात नेतो, असं हल्ली सगळे सांगतात. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन साधूनं ॲझ्टेकांकडून जे टिपून घेतलं, त्यात नदी पार करून देणारा कुत्रा पिवळसर आहे. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंघोळ केली. काळा म्हणतो, माझ्या अंगाला डाग लागलाय. दोघंही पाण्यात उतरत नाहीत. पिवळसर रंग केसांचा, की कातडीचा? मला तरी केसांचा वाटतो. आपल्या महाप्रस्थानातला कुत्रा शेवटी धर्म निघतो. हा मात्र कुत्राच राहतो, नखरे करणारा. आणि हेच लोक कुत्रे पोसून खातही होते. आकोल्मान गावचा कुत्र्यांचा बाजार त्यासाठीच प्रसिद्ध होता.

शोलोला हात लावला तर गरम लागतो. ताप नसतो, इतर कुत्र्यांइतकंच तापमान, फक्त मध्ये केस नाहीत. सांधे दुखणारी माणसं त्याला कुशीत घेऊन झोपत, ती या उबेसाठी.

स्पॅनिश आले आणि त्यांच्यासोबत त्यांचे कुत्रेही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शोलो इतके दुर्मिळ झाले, की १९५४ साली ग्वेरेरो राज्याच्या आडगावांत मोहीम काढून ते शोधावे लागले. १९५६ साली मेक्सिकोत जातीला अधिकृत मान्यता मिळाली. दिएगो रिवेरा आणि फ्रीडा काहलो या मेक्सिकन चित्रकार जोडप्यानं ते त्याआधीच घरी पाळले होते.

२०१८ साली अमेरिका खंडांतल्या प्राचीन कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलंबसापूर्वीचं रक्त आजच्या कुत्र्यांत जवळजवळ उरलेलंच नाही, असं त्यातून दिसलं. शोलोही त्याला अपवाद नाही. ‘तीन हजार वर्षांची शुद्ध जात’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं खरोखर जुनं असं ती सात अक्षरंच म्हणायची. बाकीचा कुत्रा बराचसा युरोपातून आलेला.

आणि ते तिसरं, केसाळ पिल्लू? कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत शोलोचे दोन प्रकार आहेत, बिनकेसांचा आणि केसाळ. केसाळाच्या अंगात ती सात अक्षरंही नसतात, तरी नोंदवहीत तो शोलोच.