पिनोकियोने अंकलिपी विकली, ते सिनेमात आहे का?

नमस्कार मंडळी. मुलांच्या एखाद्या गाजलेल्या जुन्या गोष्टीवर नवा सिनेमा आला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकाची वाट लावली. दुसरा म्हणतो, सिनेमा आहे, बदल तर होणारच. सगळा वाद फिरतो एकाच गोष्टीभोवती: पुस्तकातलं किती ठेवलं आणि किती गाळलं.

आज मी पिनोकियो घेऊन बसलोय, म्हणजे जेपेट्टो नावाच्या म्हाताऱ्याने लाकडातून कोरलेल्या आणि जिवंत झालेल्या बाहुल्याची गोष्ट. कारण २०२२ साली काही महिन्यांच्या अंतराने याच गोष्टीवर दोन मोठे सिनेमे आले. सप्टेंबरमध्ये डिस्नेचा, रॉबर्ट झेमेकिसने केलेला, त्यात टॉम हँक्स जेपेट्टो झालाय. आणि डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर गियेर्मो देल तोरोचा स्टॉप-मोशन (बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक चित्र टिपत केलेला) सिनेमा, ज्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रसंग मोजू नका. त्या गोष्टीतलं मूल कुठे चुकतं आणि चुकल्यावर त्याला काय भोगावं लागतं, एवढं बघा. ते काढून टाकलं, तर बाकी सगळं जागच्या जागी असूनही हाती काही लागत नाही.

आता मूळ पुस्तक. आपल्यातल्या बहुतेकांना पिनोकियो माहीत असतो तो डिस्नेच्या १९४० च्या सिनेमातून. टोपीवाला, छत्रीवाला, गाणी म्हणणारा रातकिडा आठवतो ना? इटालियन लेखक कार्लो कोलोदीच्या पुस्तकात तो रातकिडा चौथ्या प्रकरणातच मरतो. चार समजुतीच्या गोष्टी सांगायला जातो, तर पिनोकियो त्याला हातोडा फेकून मारतो. ही गोष्ट १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि कोलोदीने ती पंधराव्या प्रकरणात संपवली होती. कशी? पिनोकियो झाडाला फासावर लटकतोय, आणि समाप्त! वाचक ऐकेनात, म्हणून पुढे लिहावं लागलं आणि १८८३ मध्ये ३६ प्रकरणांचं पुस्तक झालं.

पण मला दाखवायचाय तो प्रसंग फासाचा नाही.

[पडद्यावर: प्रकरण आठ आणि नऊ]

हिवाळा आहे. मुलाला शाळेत घालायचंय आणि जेपेट्टोकडे अंकलिपी घ्यायला पैसे नाहीत. तो आपला ठिगळं लावलेला जुना कोट चढवतो आणि बाहेर पडतो. परत येतो तेव्हा हातात अंकलिपी आहे, अंगात नुसता सदरा, आणि बाहेर बर्फ पडतोय. पिनोकियो विचारतो, कोट कुठाय? विकला. का? तर म्हणे उकडत होतं. मुलगा काय ते समजतो आणि बापाच्या गळ्यात पडतो.

आणि पुढच्याच प्रकरणात, शाळेच्या वाटेवर, लांबून पावा आणि ढोल ऐकू येतो. बाहुल्यांचा खेळ लागलाय. तिकिटाला चार पैसे हवेत. पिनोकियो एका मुलाला आधी स्वतःचा कागदी कोट देऊ करतो. मग झाडाच्या सालीचे बूट. मग पावाच्या लगद्याची टोपी. कुणी घेत नाही. शेवटी एक जुनेपानेवाला म्हणतो, अंकलिपी दे, मी घेतो. पिनोकियो ती विकतो. तिकडे बाप थंडीत कुडकुडतोय.

कोलोदी इथे उपदेशाचं एक लांबलचक वाक्यही लिहीत नाही. मुलगा वाईट नाही, बापावर जीव आहे त्याचा, हे आपण पानभर आधीच पाहिलंय. तरीही तो विकतो. आठ-नऊ वर्षांचं कुठलंही मूल हे वाचताना गप्प होतं, कारण आपणही विकली असती हे त्याला आतून माहीत असतं.

आता झेमेकिसच्या सिनेमात काय होतं? पिनोकियो शाळेत जातो, आणि तू बाहुला आहेस म्हणून हेडमास्तर त्याला हाकलून देतात. म्हणजे चूक कुणाची? हेडमास्तरांची. पोरगं बिचारं निर्दोष! पुढे मुलांना भुलवून नेतात त्या मौजमजेच्या बेटावर १९४० च्या सिनेमात मुलं बिअर पीत होती, सिगार ओढत होती. इथे रूट बिअर मिळते. रातकिडा आहे, निळी परी आहे, जुनी गाणी आहेत. सगळं ठेवलंय आणि मुलाची चूक तेवढी उचलून नेलीय. मला याचा मनापासून राग येतो. मुलांना जपायच्या नावाखाली मुलांना कमी लेखणं आहे हे.

आणि मुलांना भीती झेपत नाही, हे मला मुंबईत कुणी सांगू नये. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चिंची चेटकीण झाले, तेव्हा दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात जाऊन बसायचं होतं. चेटकीण आली की पोरं आईच्या कुशीत घुसायची आणि दुसऱ्या क्षणी खुर्चीवर उभी राहून ओरडायची. घाबरायलाच तर आली होती ती.

देल तोरोकडे वळू. याने तर पुस्तक उलटंपालटं केलंय. काळ इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीचा. जेपेट्टोचा खरा मुलगा पहिल्या महायुद्धात बॉम्ब पडून गेलाय आणि दुःखाने वेडापिसा झालेला बाप दारूच्या नशेत झाड तोडून हा बाहुला कोरतो, घाईघाईत, ओबडधोबड. चर्चमध्ये गावकरी पिनोकियोला सैतान म्हणतात. नंतर तो समोरच्या क्रुसावरच्या येशूकडे बघून बापाला विचारतो, हासुद्धा लाकडाचाच आहे ना, मग लोकांना तो आवडतो आणि मी का नाही? कोलोदीच्या पुस्तकात असलं काहीही नाही. पण हा प्रश्न त्याच पोराचा आहे, हे ऐकताक्षणी पटतं.

इथे मोठा फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. कोलोदीचा मुलगा ऐकत नाही म्हणून संकटात सापडतो. देल तोरोच्या सिनेमात ऐकणारीच मुलं संकटात आहेत, कारण हुकूम देणारे त्यांना युद्धावर पाठवायला निघालेत. अर्थ पार फिरला. पण चुकल्यावर भोगायचा हिशेब टाळलेला नाही. हा पिनोकियो मरतो, परत येतो, आणि दरवेळी परत येण्याआधी मृत्यूच्या दारात थांबायचा वेळ वाढत जातो. शेवटी अमरपण ठेवायचं की बाप वाचवायचा, यातलं एक त्याला स्वतः निवडावं लागतं.

माझी तक्रारही आहे. गाणी फिकी आहेत, एकही ओठांवर राहत नाही. आणि पुस्तकात शाळा सोडून मौजमजा करणारी मुलं गाढव होतात तो भाग गाळून तिथे सैनिकी शिबिर आणलंय. पुस्तकात पिनोकियो आणि त्याचा मित्र एकमेकांचे लांब झालेले कान बघून पोट धरून हसत सुटतात आणि मग रडायला तोंड उघडतात तर गाढवासारखं रेकण्याचा आवाज येतो. एवढं भयंकर आणि एवढं खरं दृश्य देल तोरोच्या हातात होतं, आणि त्याने ते सोडून दिलं. शिबिर विचारांना पटतं. गाढवाचे कान झोपेत येतात.

मातेओ गारोनेचा २०१९ चा इटालियन सिनेमाही आहे. पुस्तकाच्या सर्वांत जवळचा तोच, गाढवंही आहेत त्यात. वेळ असेल तर जरूर बघा.

घरात मुलं असतील तर देल तोरोचा सिनेमा सात-आठ वर्षांखालच्यांना एकट्याने बघायला देऊ नका, त्यात मुलाचा मृत्यू आहे आणि त्यावर प्रश्न येतील. शेजारी बसा. आणि जमलं तर त्याआधी पुस्तकाची पहिली पंधरा प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा. छोटी छोटी आहेत, रात्री दोन-दोन केलीत तर आठ रात्रींत होतात. फासापाशी आलात की पुस्तक मिटा आणि पुढे काय व्हावं, ते पोरांनाच विचारा.