मग तो मधेच पडत नाही का?

1988 ला ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर 'द सीक्रेट लाइफ ऑफ मशीन्स' नावाची मालिका सुरू झाली. करणारा टिम हंकिन, शिक्षणाने इंजिनियर आणि पेपरात कार्टून काढणारा माणूस, जोडीला रेक्स गॅरड. त्यातला व्हिडिओ रेकॉर्डरचा भाग माझ्या डोक्यातून जातच नाही. टेपवर आवाज कसा राहतो हे सांगायचं होतं. आपण असतो तर निळे बाण, अ‍ॅनिमेशन, मागे ढणढण म्युझिक. या दोघांनी लोखंडाचा गंज घेतला, साध्या चिकटपट्टीवर चोळला, ती पट्टी रेकॉर्डरच्या हेडवरून ओढत बोलले आणि परत ओढली तर त्या गंजातून आवाज आला! खरखरीत होता, पण माणसाचाच. ते बघितलेल्याला टेप म्हणजे काय हे पुन्हा कुणी सांगायला लागत नाही.

मी स्वतः टीव्हीसाठी पहिली स्क्रिप्ट लिहिली ती कोकण रेल्वेवर, रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाची. त्यात सगळं होतं, 64 मीटर उंची, 424 मीटर लांबी, कुतुबमिनारपेक्षा थोडाच कमी वगैरे. घरी आईला वाचून दाखवली. ती ऐकत होती, हं हं करत होती, आणि मी शेवटाकडे जरा घाईत वाचलं की हा पूल खालून परांची बांधून केलेला नाही, दरीच्या काठावर एकेक तुकडा ओतायचा आणि जॅकने पुढे ढकलत न्यायचा, तशी ती एकदम म्हणाली, "अरे थांब, ढकलत? मग तो मधेच पडत नाही का?"

मला अख्ख्या स्क्रिप्टमध्ये हाच प्रश्न सुचला नव्हता. आणि इंजिनियरला रात्री झोप न येण्याचा प्रश्न तोच असतो! 64 मीटर हा आकडा ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही हो, कुठल्याही पुलाची उंची तशीच वाटते. अर्धा पूल पुढच्या खांबापर्यंत पोचायच्या आधी हवेत लोंबकळतोय म्हटल्यावर येतो.

तर हे बघा, टेबलावर पुस्तकांच्या दोन थप्प्या ठेवल्यात, मधे वीस सेंटीमीटर अंतर. ही शाळेतली तीस सेंटीमीटरची पट्टी. ढकलतो... दहा, बारा, चौदा... पंधराच्या पुढे गेली की तोंडावर पडली. आता त्याच पट्टीच्या पुढच्या टोकाला जाड पुठ्ठा दुमडून चिकटवतो, आठ सेंटीमीटर. वजन जवळजवळ नाहीच. परत ढकलतो. पट्टी बाराला आलीये आणि पुठ्ठा पलीकडे टेकला, आता पट्टीला पुढे आधार मिळाला, कितीही ढकला. पानवलला पुलाच्या तोंडाला असंच हलकं पोलादी नाक लावलं होतं, जड काँक्रीट पोचायच्या आधी ते पुढच्या खांबावर पोचायचं. याला लाँचिंग नोज म्हणतात, पण नाव नंतर सांगा, आधी पट्टी पडू दे. कॅमेऱ्यासमोर ती पडलीच पाहिजे, लोक पुठ्ठ्याची वाट बघायला लागतात ते त्यामुळे.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असं नाही. दूरदर्शनवर टर्निंग पॉइंट नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा, गिरीश कर्नाड असायचे आणि भौतिकशास्त्रज्ञ यशपाल सर लोकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. प्रश्न बघणाऱ्याचा असायचा, त्यामुळे ते घरचं वाटायचं.

आता जे बनतं त्यात जगातलं सर्वात मोठं, आशियातलं सर्वात उंच, आणि ड्रोन. ड्रोनवरून पूल सुंदर दिसतो, मला पण आवडतो, पण त्या उंचीवरून अडचण दिसत नाही.

गोव्यात पेडण्याचा बोगदा घ्या. जेमतेम दीड किलोमीटर, कोकण रेल्वेच्या इतर बोगद्यांपुढे छोटा, म्हणून आकड्यांच्या फिल्ममध्ये त्याला दोन वाक्यं मिळतात. पण तिथे खडक नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती, खणलं की छत खाली, पुन्हा काढा, पुन्हा आधार द्या. बाकी लाइन होत आली तरी हा अडून बसला आणि 1998 च्या जानेवारीत सगळी लाइन सुरू व्हायला तो पुरा व्हावा लागला. काळा खडक फोडणं सोपं आणि चिखल खणणं अवघड, हे कुठल्याही सामान्य माणसाला उलटंच वाटतं. फिल्म तिथूनच सुरू व्हायला पाहिजे, एक ओली मातीची ढेकूळ घेऊन.

ती फिल्म मला करायचीये. तेव्हा तिथे खणणारी, शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने मारायचं काँक्रीट, मारणारी माणसं आता म्हातारी झालीयेत. इथे बसलेल्यांत कुणी पेडण्याला काम केलेलं असेल, किंवा तुमच्या घरात कुणी असेल, तर कार्यक्रम संपल्यावर प्लीज थांबा, मला तुमच्याशी बोलायचंय.