गावात चाललो
नमस्कार श्रोतेहो. मी बाळ्यात राहतो, म्हणजे सोलापुरात पुणे रोडवरचं आपलं बाळे, खंडोबाचं. मार्गशीर्षातल्या रविवारी यात्रेला येऊन गेला असाल तर देवळापर्यंतचं बाळे तुम्हाला माहितीय, मी सांगतोय ते त्याच्या मागच्या बाजूचं, जिथं आमचं छोटंसं नगर संपतं आणि थेट ज्वारीचं रान सुरू होतं.

१९९२ साली हद्दवाढ झाली आणि बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, कुमठे, देगाव अशी आजूबाजूची गावं सोलापूर शहरात आली. कागदावर आम्ही तेव्हापासून शहरातच आहोत, पण आमच्याकडं अजून कुणीही बाजाराला निघालं की म्हणतं, गावात जाऊन येतो. आणि गाव म्हणजे नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक.

आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू, शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत जन्म गेला, घरातच यंत्रमागाचा खडखडाट, इथं राहायला आल्या तेव्हा पहिले कितीतरी दिवस शांततेनं झोपच लागायची नाही म्हणायच्या. पलीकडचे अण्णा अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. तरी पाणी आलं की सगळ्या गल्लीत एकच मराठी आरोळी, नळ आला ओ! उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरनं येतं आणि नळाला चार-पाच दिवसांनी, कधी रात्री दोनला, मग ज्याला जाग येईल त्यानं बाकीच्यांची दारं वाजवायची, ज्यांच्या घरी म्हातारी माणसंच आहेत त्यांची टाकी पोरांनी आधी भरून द्यायची. हा नियम कुणी लिहिलेला नाही पण आजवर मोडलेला मी बघितला नाही, मला याचा फार अभिमान वाटतो.

पावसाळ्यात मात्र हाल. आमची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडला की फुगते, भिंतींना तडे जातात, चप्पल रुतली तर चप्पल तिथंच. मुलं शाळेचे बूट पिशवीत घेऊन डांबरी रोडपर्यंत अनवाणी जातात.

पण खरं सांगायचं ते मोकळ्या प्लॉटांबद्दल. आमच्या लाइनीतले निम्मे प्लॉट रिकामे, मालक नोकरीसाठी पुण्यात, त्यांचीही काही चूक नाही, इथं काम मिळालं असतं तर कोण गेलं असतं हो. पण त्या प्लॉटात वेडी बाभूळ माजलीय, साप निघतात, मागच्या पावसाळ्यात एक नाग आमच्या पायरीवर होता आणि नात दोन हातांच्या अंतरावर खेळत होती.

तर पुण्यातनं कुणी हे ऐकत असाल, तुमचा प्लॉट बाळ्यात असू दे नाहीतर शेळगीत, गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला येताच ना जानेवारीत, तेव्हा एक दिवस जास्त काढून या. बाभूळ मुळासकट काढू, कुऱ्हाड आमच्याकडं आहे, माणसं पण आहेत. कोपऱ्यात एक कडुलिंब लावू. त्याला पाणी आम्ही घालतो, नळ येईल त्या दिवशी. जेवायला अक्कांकडं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहेच.